काडेपेटी असंल की

भाताच्या आधणाला नुकता कुठं बुडबुडा येऊ लागला होता, आणि तात्यांनी चुलीत घागर ओतली.

चंदर आचारी तालुक्याचा. मोठमोठ्या लग्नांत भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस. यजमान कितीही तऱ्हेवाईक निघाला तरी त्याला त्याचं नवल नसे. त्याला वाटलं, जाळ जास्त झाला म्हणून यजमानांनी आपल्या हातानं कमी केला. तो एवढंच म्हणाला की मला सांगायचं होतं, लाकडं मागं ओढली असती. तात्या हौदावर गेले, दुसरी घागर भरून आणली आणि आमटीच्या चुलीत ओतली. तिसरी भाजीच्या. धुराचा असा लोट उठला की मांडवाला पताका लावणारे दोघं शिडीवरून खोकत खाली उतरले.

"यजमान," चंदर म्हणाला, "लगीन आजच हाय ना?"

"हाय."

"मग वऱ्हाड जेवनार का नुसतं बघनार?"

तात्यांनी रिकामी घागर पालथी घातली. "गावात मढं हाय. उचलंस्तवर चूल पेटायची न्हाई."

चंदरनं हात पुसले आणि पातेल्याला टेकून बिडी काढली. मग ती पेटवायला विस्तव नाही हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून ती कानावर ठेवली.

तात्या चौथी घागर घेऊन घरात शिरले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मांडवातल्या चुली विझल्या तेव्हा ती काही बोलली नव्हती, पण आता ती चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली.

"हिच्यावर नगं," ती म्हणाली.

"हिच्यावरच," तात्या म्हणाले.

आई बाजूला झाली. आतून चर्र असा आवाज आला. मग ओली राख दाराबाहेर वाहत आली आणि उंबऱ्याला अडून राहिली. मला वाटलं, तात्यांना वेड लागलंय. लग्नाच्या चुली विझवल्या ते एक वेळ ठीक, पण घरातल्या चुलीवर तर साधं आंघोळीचं पाणी तापत होतं.

इथं थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हालाही चंदरसारखंच वाटेल.

धरणात आमचं पानशेंडी गाव गेलं तेव्हा सरकारनं त्याचे दोन तुकडे केले. अर्धं गाव शेजारच्या जिल्ह्यात नेऊन टाकलं आणि अर्धं करंजसरच्या माळावर. आम्ही माळावरचे. मतदार यादीत आम्ही करंजसरचे होतो, रेशनकार्डावर करंजसरचे होतो, एसटीच्या पाटीवरही करंजसरच होतं. फक्त करंजसरच्या तोंडात आम्ही पुनर्वसन होतो. शब्द लांबडा, म्हणून बोलून बोलून त्यांनी तो 'पुनरसन' केला. पुनरसनातलं पोरगं, पुनरसनाची म्हैस. पहिलीत मास्तरांनी गावाचं नाव विचारलं तेव्हा मी पुनरसन असं सांगितलं होतं. सगळा वर्ग हसला. त्यात हसण्यासारखं काय आहे हे मला बरेच दिवस कळलं नाही.

वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. करंजसरची माणसं सभ्य होती. आपसात ती अण्णा, दादा, नाना, काकी. आम्हाला मात्र आडनावानं हाक मारत. "काय सकपाळ, पाऊसपाणी काय म्हणतंय?" म्हणजे बँकेत विचारतात तसं. यात्रेच्या आधी कुस्त्यांचा आखाडा खणून तांबडी माती चाळून द्यायचं काम पुनरसनाकडे होतं. कुस्त्या त्यांच्या, पालखीचा खांदा त्यांचा. तात्या दर वर्षी कुणी न बोलावता सगळ्यांच्या आधी कुदळ घेऊन हजर असायचे, आणि पालखी निघाली की कुदळ धुऊन घरी यायचे.

गाव आणि पुनरसन यांच्या मध्ये थोडी मोकळी जागा होती. एसटी तिथवर यायची आणि तिथूनच मागं वळायची. वळायला जागा अपुरी. म्हणून कंडक्टर मागं उभा राहून शिट्टी मारी, ड्रायव्हर थोडं मागं घेई, पुन्हा शिट्टी, पुन्हा मागं. शिट्टी ऐकू आली की दोन्हीकडची माणसं कोण आलं ते बघायला बाहेर पडत. दोन्हीकडच्यांनी मिळून करायचं असं तेवढं एकच काम होतं.

त्या दिवशी माझ्या बहिणीचं, मालनचं लग्न. पहाटे तात्या मांडवापुढं उभे होते आणि त्यांना गावावर धूर दिसेना. गुरं सुटलेली, बायका पाण्याला निघालेल्या, आणि एकाही घरावर धूर नाही. ते तसेच चालत गेले, पारावर विचारलं. हणमंतराव जगदाळ्यांची आई, तानूकाकी, पहाटे गेली होती. तिची लेक पुण्याहून दुपारच्या एसटीनं यायची होती. ती आल्याशिवाय उचलणार नव्हते. आणि गावात मढं असताना चूल पेटवायची नाही हा तिकडचा जुना रिवाज. कोतवाल घरोघर निरोप देत एसटीच्या वळणापर्यंत आला होता आणि तिथून परत फिरला होता. एसटीसारखाच.

तात्या परत आले ते घागर शोधतच.

पुनरसनातली जाणती माणसं मांडवात जमली. माझे चुलते बापूकाका सगळ्यांच्या वतीनं पुढं झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं. मयत वाईट झालं, माणूस चांगलं होतं, दुपारनंतर जाऊन भेटून येऊ. पण वऱ्हाड वाटेवर आहे, मुहूर्त दुपारच्या आतला आहे, आणि दोनशे माणसाचा भात काही मनात आणला की होत नाही.

"आन तात्या," ते शेवटी म्हणाले, "आपल्याला सांगावा तरी आलाय का?"

तात्यांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की जणू बापूकाकांनी काही अडाण्यासारखं विचारलंय.

"घरच्या मानसाला सांगावा धाडत्यात व्हय?"

बापूकाकांना उत्तर सुचलं नाही. मला येत होतं. मी तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करत होतो आणि नागरिकाची व्याख्या मला पाठ होती: हक्क उपभोगणारा आणि कर्तव्ये पाळणारा तो नागरिक. तात्यांचा हिशेब वेगळा दिसत होता. आपण कर्तव्यं पाळत राहावं. हक्क मागाहून येतात, दुपारच्या एसटीनं. ही मांडणी आमच्या पुस्तकात नव्हती, म्हणून मी गप्प बसलो.

मालन आत हळद लावून बसली होती. तिला कळल्यावर ती म्हणाली, "माझ्या लग्नाची तिथी भटजीपेक्षा गावाला इचारून काढायची हुती." मग म्हणाली, "तात्यांना म्हनावं, मी उपाशी जाईन सासरी. पन त्यांना यवढं इचार, मला न्यायला आलेली सगळी बी उपाशी जातील का?"

मी हे तात्यांना सांगितलं नाही.

वऱ्हाड आलं, ट्रकमधून. नवरदेवाचा बाप गणपत शेलार, ते आमच्याच पानशेंडीचे. धरणानं त्यांचं अर्धं गाव तिकडं नेलं आणि आमचं इकडं, पण सोयरीक अजून एकमेकांतच होत होती. ट्रकमधून उतरलेल्या माणसाला आधी चहा लागतो. चहा नव्हता. लिंबाचं सरबत दिलं. बुंदी आदल्या दिवशीच पाडून ठेवलेली होती, ती ताटल्यांतून फिरवली. लोकांनी सरबत पिऊन बुंदी खाल्ली, बुंदी खाऊन पाणी प्यायलं, आणि मग चहाची वाट पाहत विझलेल्या चुलींकडं बघत बसले. बँडवाले आले होते, त्यांना वाजवू नका म्हणून सांगितलं. त्यांनी बुंदी जास्त घेतली.

पोरं रडू लागली. नवरदेवाचा मामा मोठ्यानं म्हणाला की आमच्याकडं लग्नात माणसं जेवतात, इकडची पद्धत नवीन दिसते. दुसऱ्या कुणी म्हणालं, पोरगी चांगली आहे पण घर जरा भक्तिमार्गी आहे. बायकांत कुजबूज सुरू झाली की मुहूर्ताआधीच मढं म्हणजे हा काही चांगला शकुन नाही, अजून अक्षता पडल्या नाहीत तोवर विचार करावा.

तेव्हा गणपत शेलार उठून तात्यांपाशी आले. तात्या चुलींच्या चरापाशी बसले होते, राखण करत असल्यासारखे. मी जवळच होतो.

"कोंडिबा," ते म्हणाले, "आमी तिकडं इतकी वर्सं पाहुनंच हावोत. पाहुन्याचं बरं असतंय. कुनाच्या सुतकात न्हाई, कुनाच्या भांडनात न्हाई."

"आन मयतीला?"

"जातो की. पाहुन्यावानी, मागनं."

"मी मागनं जायला न्हाई आलो," तात्या म्हणाले.

शेलारांनी एकदा ट्रककडं पाहिलं. मग म्हणाले की तुझं बरोबर असेल, पण माझ्या ट्रकातली म्हातारी माणसं सकाळपासून उपाशी आहेत, आणि मुहूर्तापर्यंत जर जाळ झाला नाही तर मी त्यांना तसंच परत बसवीन. पोरगी त्यांच्याबरोबर असेल की नसेल हे मी आत्ता सांगत नाही. रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

आता खरं भय पडलं. आई देवापुढं बसली. तात्या तिथून हलले नाहीत. आणि बापूकाका कुणाला न सांगता मांडवामागून गावाकडं गेले.

थोड्या वेळानं कुणीतरी म्हणालं, "ते बघा."

एसटीच्या वळणावर हणमंतराव जगदाळे उभे होते. डोक्यावर काही नाही, खांद्यावर टॉवेल, अंगात घरातलंच बनियन. मागं भावकीतले दोघं, आणि त्यांच्या मागं बापूकाका. आईचं प्रेत घरात असताना माणूस असा चालत आला होता. सुतकी माणसानं मांडवात येऊ नये म्हणून ते वळणावरच थांबले आणि त्यांनी निरोप धाडला. मांडवात सगळे उठून उभे राहिले. नवरदेवाचा मामासुद्धा.

तात्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. त्यांचा चेहरा मला आठवतो. कुणीतरी शेवटी दार उघडल्यावर होतो तसा. गावातला पहिला माणूस मानानं आपल्याकडं चालत येतोय. आता म्हणेल, कोंडिबा, तुम्ही आमच्यासाठी लग्नाची चूल विझवलीत. ते जवळजवळ पळतच वळणावर गेले. मी मागोमाग गेलो.

दोघांनी आधी मयताचं बोलणं केलं. कशानं, कधी, त्रास झाला का. तात्यांचे डोळे भरून आले होते. हणमंतरावांचे कोरडे होते. सकाळपासून बरीच माणसं भेटून गेली असतील.

"सकपाळ," ते म्हणाले, "बापूनं सांगितलं. आमच्यापायी लगीन खोळंबलंय म्हनं."

"लगीन न्हाई, भाऊ. चूल."

"पेटवा."

तात्यांना ऐकू आलं नसावं. ते तसेच बघत राहिले.

"पेटवा चूल," हणमंतराव म्हणाले. "मी सोता सांगाय आलोय. पोरीचं वऱ्हाड आपल्यामुळं उपाशी बसलं, हे आईला तरी बरं वाटलं असतं का?"

"गावात मढं असताना?"

"त्ये गावाला, सकपाळ," हणमंतराव हळू आवाजात म्हणाले. त्यांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमाला न्हाई त्ये. तुमाला कोन बोल लावनार न्हाई. कुनी बोललाच तर माझं नाव सांगा."

इतक्या मायेनं कुणी कुणाला घराबाहेर काढलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मागं मांडवात माणसं हात जोडून उभी होती. बघा, म्हणत होती, आईचं मढं घरात आणि दुसऱ्याच्या लग्नाची काळजी. याला म्हणतात गाव.

तात्यांची पाठ माझ्याकडं होती. मान खाली गेली, मग वर आली.

"मग इस्तू द्या, भाऊ," ते म्हणाले.

"काय?"

"पेटवा म्हंताय, तर इस्तू द्या. माझ्या घरचा मी इझवलाय."

हणमंतरावांना कळेना. कळणार तरी कसं. मढं असलेल्या घरातून कुणी विस्तव देत नाही, आणि गावात दुसऱ्या कुठल्या चुलीत तो नव्हता. त्या दिवशी करंजसरमधून एकच विस्तव बाहेर निघायचा होता, मडक्यात घालून, हणमंतरावांच्याच हातात, तिरडीच्या पुढं. त्यांनी मागच्या दोघांकडं पाहिलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. उन्हात, उपाशीपोटी, मुलीच्या लग्नाच्या काळजीनं माणसाचं डोकं फिरू शकतं, असा त्यांनी अर्थ काढला असावा. हणमंतरावांनी समजुतीच्या सुरात, घरातल्या लहान पोराला वस्तू कुठं ठेवलीय ते सांगावं तसं सांगितलं,

"काडेपेटी असंल की."

"हाय, हाय," बापूकाका मागून म्हणाले आणि त्यांनी खिशातली काडेपेटी काढून वर धरली.

चंदरनं ओल्या लाकडांवर रॉकेल ओतलं. पहिली काडी वाऱ्यानं विझली, दुसरी लागली. पेटल्यावर त्यानं आधी कानावरची बिडी शिलगावून घेतली. मग मांडवात बोलणं सुरू झालं, हसणं सुरू झालं, चहा आला, आणि चहा आल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की मुहूर्ताआधी मढं दिसणं हा उलट शुभशकुनच असतो. नवरदेवाच्या मामानं हणमंतरावांसारखी माणसं आमच्या तिकडं नाहीत असं तीनतीनदा सांगितलं. अक्षता वेळेवर पडल्या. पंगती बसल्या. भाताला रॉकेलचा वास येत होता, पण तशा भुकेत तो कुणाला जाणवला नाही.

तात्या जेवले नाहीत. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण कन्यादान होईतो मुलीच्या बापाचा उपास असतोच. कन्यादान झाल्यावरही ते बसले नाहीत, तेव्हा माणसं म्हणाली, बापाचं काळीज, घास उतरत नाही. लग्नात अशी सोय असते. कशाचाही अर्थ लावून ठेवलेला असतो.

शेवटची पंगत उठत असताना वळणावर शिट्टी झाली. पुण्याची लेक एसटीतून उतरली आणि तिचा हंबरडा मांडवापर्यंत आला. तात्यांनी लग्नाचा फेटा काढून खुंटीला लावला, हौदावर तोंड धुतलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि निघाले. मालनची पाठवणी व्हायची होती. ती आतून बघत होती. तिनं हाक मारली नाही.

ओढ्याची वाट मांडवातून दिसत असे. पुढं मडकं, मग तिरडी, मग जगदाळ्यांची भावकी, मग गाव. पुनरसनातले बाकीचे अजून विडे खात होते. सगळ्यांच्या मागं, थोडं अंतर सोडून, तात्या चालले होते. गणपत शेलार माझ्याजवळ उभे राहून ते बघत होते. त्यांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला तो हात तेव्हा नकोसा झाला.

मालन गेली. मांडव रिकामा झाला. दिवस कलता होता. आई स्वयंपाकघरात चुलीपुढं बसली होती आणि ओली राख खराट्यानं सुपात ओढत होती. चूल आतून भिजून एका बाजूनं ढासळली होती.

"काय म्हनाला हनमंता?" तिनं विचारलं. "यांनी इस्तू मागितला तवा?"

मी सांगितलं.

आई थोडा वेळ राख ओढत राहिली. "त्याला काय ठावं," ती म्हणाली. "तवा तो शिकायला हुता, फलटनला."

मग तिनं सांगितलं ते असं. आम्ही या माळावर उतरलो तेव्हा मी तिच्या पोटात होतो. ट्रकवाल्यानं भांडी-पेट्या खाली टाकल्या आणि तो गेला. आम्ही डोंगरातली माणसं, झाडीच्या आडोशाला राहिलेली. असला उघडा वारा कुणी पाहिलेला नव्हता. तीन दगड मांडून आई चूल पेटवायला बसली, तर काडी धरली की विझे. एक पेटी संपली. शेजारच्यांची संपली. सगळ्या वस्तीवर एकही चूल पेटेना आणि पोरं भुकेनं रडत होती. तेव्हा गावाकडून एक बाई आली. हातात खापरी, खापरीत राखेनं झाकलेला इंगळ. तिनं तो आमच्या चुलीत ठेवला आणि वर चार काटक्या लावून फुंकर घातली.

"आन काय म्हनाली?"

"म्हनाली, घ्या, आता इझू देऊ नगा. सारकं सारकं कोन आनून देनार?"

एवढंच. तानूकाकी जरा तिरसट होती, आणि माळ चढून यायचा तिला कंटाळा आला असणार. पण तात्यांनी ते शब्दशः घेतलं. इझू देऊ नगा. त्या चुलीतून वस्तीतल्या सगळ्या चुली पेटल्या. बाकीच्यांच्या यथावकाश विझल्या, त्यांनी काडेपेट्या आणल्या. आमची विझली नाही. आई रोज इंगळ राखेत झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उकरून काढायची. माझ्या जन्माच्या वेळी, मालनच्या जन्माच्या वेळी ते काम तात्यांनी केलं. गावाला जायचं तर शेजारणीला चूल सांभाळायला सांगून जायची. मला वाटायचं काडीचा खर्च वाचवतात. लग्नाच्या चुलीसुद्धा त्या दिवशी सकाळी त्यातूनच पेटवल्या होत्या.

"म्हनून मी म्हनलं, हिच्यावर नगं," आई म्हणाली. "तर म्हनले, जिचा इस्तू तीच गेली, तर हिच्यावरच. गावातल्या कुनाच्या तरी चुलीतला घिऊन परत लावू. गाव देईल की."

तिनं सूप उचललं आणि राख उकिरड्यावर टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी तिनं चूल लिंपली, आणि वाळल्यावर काडीनं पेटवली. तात्यांनी त्याकडं पाहिलं नाही. यात्रा आली तेव्हा आखाडा खणायला ते गेले. पण बोलावणं आल्यावर गेले, आणि सगळ्यांबरोबर गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गॅस आला, चुली गेल्या. आता गावावर धूर दिसतो की नाही यावरून काही कळत नाही. मधली मोकळी जागाही भरली. तिथं एक पतसंस्था आणि दोन टपऱ्या आल्या. पलीकडून रस्ता झाल्यापासून एसटी तिथं वळत नाही, बाहेरूनच सरळ पुढच्या गावाला जाते.

तात्या गेले तेव्हा मालनची वाट बघत होतो. ती दुपारपर्यंत यायची होती. मी अंगणात बसलो होतो. हणमंतराव आले, काठी टेकत. खूप थकले होते. आडनावानं हाक मारायची सवय त्यांनी येताना जुन्या वळणावरच ठेवली असावी.

"कोंडिबादादा गेले," ते म्हणाले आणि माझ्या शेजारी खाली बसले. घोंगडीवर नाही, मातीत. बराच वेळ काठीनं रेघा ओढत राहिले.

"वैनींनी सांगितलं हुतं मला. आईनं इस्तू आनून दिल्याचं. लई मागनं सांगितलं." मग थांबून म्हणाले, "मी घरोघर निरोप धाडलाय, दिनकर. कोंडिबादादाचं मढं उचलंस्तवर गावात कुनाची चूल पेटनार न्हाई. कुनाचीच."

ते माझ्याकडं बघत होते. आत आई भिंतीला टेकून बसली होती. तिनंही ऐकलं होतं, आणि तिनं डोळ्याला पदर लावला होता.

गावाच्या बाजूनं एक शिट्टी आली. लांबलचक, वाफेनं भरलेली.

हणमंतरावांनी ती ऐकली. मी ऐकली हे त्यांनी पाहिलं. काठी थांबली.

"एसटी आली वाटतं," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "वळवत असंल."

दुसरी शिट्टी झाली.

"जागा कमी हाय तितं," हणमंतराव म्हणाले आणि त्यांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

तिसरी झाली, आणि थांबली. डाळ शिजली होती.